आईस हॉकीतल्या धोकादायक धडका, एन्फोर्सर आणि शिक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आईस हॉकी बहुतेक वेळा मुलांच्या शाळेतून किंवा ऑफिसातल्या गप्पांतून येते. भारतात ती येते मोबाइलवरच्या व्हिडिओतून, आणि तेही सहसा मारामारीच्या. दोन्हीकडचे लोक साधारण तेच प्रश्न विचारतात. उत्तरं मुख्यतः एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगबद्दल आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

समोरच्याला धडकून पाडणं नियमात बसतं का?

बसतं. त्याला बॉडी चेक म्हणतात. ज्याच्याकडे पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आहे, किंवा ज्याने ती नुकतीच सोडली आहे, त्याला खांद्याने किंवा छातीने धडकून पकपासून दूर करता येतं. पण पाठीमागून ढकलता येत नाही, कोपर किंवा गुडघा घालता येत नाही, लांबून धावत येऊन उडी घेत आदळता येत नाही आणि ज्याच्याकडे पकच नाही त्याला अडवता येत नाही.

हे खेळाडू ताशी ३० किलोमीटरहून जास्त वेगाने येतात. रिंकभोवती बोर्ड असतात, त्यांच्यावर जाड काच असते, आणि धक्का बसल्यावर बाजूला निसटायला जागाच नसते. त्यामुळे पूर्णपणे नियमात बसणाऱ्या धडकेनेही माणूस जायबंदी होऊ शकतो. या खेळातले बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

मग धोकादायक धडक नेमकी कोणती?

दोन प्रकार सगळ्यांत वाईट. पहिला बोर्डिंगचा : पाठमोऱ्या किंवा बेसावध खेळाडूला बोर्डांवर जोरात आदळवणं. यात मान आणि मणक्याला धोका असतो. दुसरा डोक्याला बसणाऱ्या धडकेचा, आणि त्याचा इतिहास सविस्तर सांगण्यासारखा आहे.

२०१० पर्यंत एनएचएलमध्ये डोक्यावर खांदा मारण्याविरुद्ध वेगळा नियमच नव्हता. कोपर लागलं तर शिक्षा, खांदा लागला तर चांगली धडक! २००० साली न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने फिलाडेल्फियाच्या एरिक लिंड्रॉसला असंच बर्फावर आडवं केलं. २००३ च्या अंतिम मालिकेत त्यानेच पॉल करियाला पाडलं. दोन्ही धडका तेव्हाच्या नियमांत बसत होत्या, आणि कित्येक वर्षं त्या ‘महान धडका’ म्हणून कौतुकाने दाखवल्या गेल्या.

७ मार्च २०१० ला पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हर्डला आंधळ्या, म्हणजे त्याला न दिसणाऱ्या, बाजूने डोक्यात खांदा मारला. सॅव्हर्डला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पुढच्या वर्षी, २०११ च्या जानेवारीत, त्याची कारकीर्द संपली. कुकवर एकाही सामन्याची बंदी आली नाही, कारण मोडायला नियमच नव्हता. लोक इतके संतापले की त्याच महिन्यात अशा धडकेला शिक्षा करायची तात्पुरती तरतूद झाली आणि पुढच्या मोसमापासून नियम क्रमांक ४८ आला. आधी तो फक्त बाजूने किंवा आंधळ्या बाजूने बसणाऱ्या धडकेपुरता होता. २०११ च्या सुरुवातीला पाच दिवसांत दोन धडका बसून सिडनी क्रॉस्बीसारखा लीगचा सगळ्यांत मोठा खेळाडू कित्येक महिने बाहेर बसला, आणि त्या उन्हाळ्यात नियमाची व्याप्ती वाढवली गेली. आज दोन गोष्टी पाहतात : धडकेचा मुख्य स्पर्श डोक्याला झाला का, आणि तो टाळता आला असता का.

यातल्या ‘मुख्य’ आणि ‘टाळता’ या शब्दांवरच सगळी भांडणं होतात. डिसेंबर २०२१ मध्ये शिकागोत पंजाबी कुटुंबातला कॅनेडियन खेळाडू जुझार खैरा खाली वाकून पक घेत असताना न्यू यॉर्क रेंजर्सचा जेकब ट्रूबा त्याच्यावर आदळला. खैराची शुद्ध हरपली, त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. ट्रूबाला बंदी झाली नाही. लीगच्या निकषांनुसार ती नियमात बसणारी धडक होती. मला ती धडक आजही पटत नाही. वाकलेल्या माणसाचं डोकं पुढे असणारच, आणि ते पुढे आहे हे धडकणाऱ्याला दिसत असतं.

मारामारी चालू असताना पंच बघत का उभे राहतात?

दोन माणसं समोरासमोर, हातमोजे टाकून, परस्परसंमतीने भिडली तर लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, ताबडतोब मध्ये पडत नाहीत. पायात स्केट आहेत, मध्ये शिरणारा स्वतः जखमी होऊ शकतो. दोघं दमले, एखादा खाली पडला की ते वेगळे करतात. तिसऱ्याने मध्ये पडलं तर त्याला मैदानाबाहेर काढतात. बेंच सोडून मारामारीत सगळ्यांत आधी उतरणाऱ्याला दहा सामन्यांची बंदी ठरलेलीच आहे.

भिडणाऱ्या दोघांना प्रत्येकी पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात. दोन्हीकडचा एकेक गेल्यामुळे संघांचं फारसं नुकसान होत नाही. म्हणजे मारामारीला शिक्षा आहे, पण ती परवडणारी आहे. १९९२ मध्ये सुरुवात करणाऱ्यावर जादा शिक्षा लावणारा ‘इन्स्टिगेटर’ नियम कडक केला गेला. त्यावर जुन्या खेळाडूंचा आजही राग आहे.

एन्फोर्सर म्हणजे कोण?

संघातला असा खेळाडू, ज्याचं मुख्य काम गोल करणं नसून आपल्या चांगल्या खेळाडूंना कोणी हात लावू नये ही दहशत ठेवणं. सामन्यात तो जेमतेम पाच-सात मिनिटं बर्फावर येतो. समोरच्या संघाने आपल्या हुकमी खेळाडूला वाकडं मारलं, की त्याने जाऊन हिशेब चुकता करायचा.

१९८० च्या दशकात एडमंटनमध्ये महान खेळाडू वेन ग्रेट्झ्कीच्या पाठीशी आधी डेव्ह सेमेंको आणि मग मार्टी मॅकसोर्ली असायचे. १९८८ मध्ये ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला पाठवलं तेव्हा मॅकसोर्लीही त्याच व्यवहारात सोबत गेला. त्याआधी फिलाडेल्फिया फ्लायर्सनी दांडगाईलाच डावपेच बनवून १९७४ आणि १९७५ चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला होता. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या मोसमात ४७२ पेनल्टी मिनिटं कमावली. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

ही माणसं बहुतेक वेळा ड्रेसिंग रूममधली सगळ्यांत लाडकी असायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण व्हिडिओ पाहून ती रानटी वाटतात. त्यातल्या अनेकांना लहानपणी गोलच करायचे होते. सोळा-सतराव्या वर्षी एखाद्या प्रशिक्षकाने उंची आणि हात पाहून सांगितलं की वर जायचं असेल तर वाट ही आहे.

त्यांच्यामुळे बाकीचे खेळाडू खरंच सुरक्षित राहायचे का?

हा सगळ्यांत जुना दावा आहे. खेळाडूंमध्ये एक अलिखित संहिता आहे, ‘द कोड’. चुकीचं वागलास तर हातमोजे काढून उत्तर द्यायचं, आणि तिथे विषय संपला. यावर प्रामाणिकपणे विश्वास ठेवणारे खूप खेळाडू आहेत. पण ही संहिता कशी मोडते ते २००४ मध्ये जगाने पाहिलं.

फेब्रुवारी २००४ मध्ये कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कुस नेस्लुंडला धडक दिली. डोक्याला मार लागला, पण पंचांनी पेनल्टी दिली नाही आणि लीगनेही शिक्षा केली नाही. व्हँकुव्हरच्या खेळाडूंनी उघडपणे बदल्याची भाषा केली. ८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा भेटले. पहिल्याच सत्रात मूरने व्हँकुव्हरच्या खेळाडूशी मारामारी केली. तो खेळाडू म्हणजे तोच मॅट कुक, ज्याचं नाव वर आलं. संहितेप्रमाणे हिशेब तिथे मिटायला हवा होता. पण तिसऱ्या सत्रात, सामना केव्हाच हातातून गेलेला असताना, व्हँकुव्हरचा टॉड बर्टूझी मूरच्या मागे लागला, त्याचा शर्ट धरला, मागून त्याच्या डोक्यावर ठोसा मारला आणि त्याला बर्फावर तोंडघशी पाडून वर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले, मेंदूला मार बसला. तो पुन्हा कधीच व्यावसायिक सामना खेळला नाही. बर्टूझी वीस सामने बाहेर राहिला, मग मालक-खेळाडूंच्या करारवादातल्या टाळेबंदीमुळे पुढचा मोसमच झाला नाही, आणि २००६ मध्ये तो कॅनडाकडून ऑलिंपिक खेळला.

माझं मत याच घटनेवर उभं आहे. नेस्लुंडच्या धडकेचा निवाडा लीगने स्वतः नीट केला असता, तर तो करायला व्हँकुव्हरचे खेळाडू निघालेच नसते. जिथे अधिकारी शिस्तीचं काम सोडून देतात तिथे ते काम खेळाडूंच्या मुठींवर येऊन पडतं.

एनएचएलमध्ये शिक्षा कोण ठरवतं?

सामन्यादरम्यान पंच. सामन्यानंतर लीगचा ‘डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी’ विभाग. तो २०११ मध्ये सुरू झाला, पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहन. न्यू यॉर्कमध्ये बसून हे लोक प्रत्येक सामना पाहतात, संशयास्पद धडका वेगळ्या काढतात आणि पुढे जायचं की नाही ते ठरवतात. पाच सामन्यांपर्यंतच्या बंदीसाठी फोनवर सुनावणी होते. त्याहून मोठ्या बंदीची शक्यता असेल तर खेळाडूला समक्ष सुनावणीचा हक्क मिळतो. निर्णयाबरोबर कारणं समजावणारा व्हिडिओ प्रसिद्ध होतो. शॅनहनने पाडलेली ही पद्धत मला फार मोलाची वाटते. नियम कसा लावला हे सामान्य प्रेक्षकाला कळतं आणि चुकला तर बोलताही येतं.

२०१७ पासून या विभागाची सूत्रं जॉर्ज पॅरोस याच्याकडे आली. तो प्रिन्स्टनचा अर्थशास्त्राचा पदवीधर आणि स्वतः एन्फोर्सर. ऑक्टोबर २०१३ मध्ये मारामारी करताना तोल जाऊन तो तोंडावर आपटला होता आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं.

शिक्षा ठरवताना काय बघतात?

नियम कसा मोडला, जोर किती होता, समोरच्याला दुखापत झाली का, आणि खेळाडूचा पूर्वेतिहास काय. बंदीच्या काळातला पगार कापला जातो आणि तो खेळाडूंच्या आपत्कालीन मदत निधीत जातो. अठरा महिन्यांच्या आत पुन्हा गुन्हा करणाऱ्याचा पगार जास्त दराने कापतात.

यातला दुखापतीचा निकष मला खटकतो. तीच धडक, तोच जोर. एक जण उठून खेळायला लागतो, दुसरा रुग्णालयात जातो. पहिल्या वेळी दोन सामने, दुसऱ्या वेळी आठ. धडक देणाऱ्याने दोन्ही वेळा एकच गोष्ट केली होती. शिक्षा त्याच्या कृतीला असावी. समोरच्याचं नशीब किती बलवत्तर होतं यावर ती ठरू नये.

दंडाची रक्कम इतकी किरकोळ का असते?

कारण ती खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातल्या करारात बांधलेली असते. ३ मे २०२१ ला वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने न्यू यॉर्क रेंजर्सच्या खाली पडलेल्या पाव्हेल बुचनेविचला ठोसा मारला आणि त्याच संघाच्या आर्तेमी पनारिनला बर्फावर आपटलं. त्याला दंड झाला ५,००० डॉलर, करारातली कमाल रक्कम. बंदी नाही. रेंजर्स संघाने पत्रक काढून पॅरोस या पदाला लायक नाही असं म्हटलं, तर लीगने त्या पत्रकाबद्दल संघालाच अडीच लाख डॉलर दंड केला! माणसाला आपटण्यापेक्षा तक्रार पन्नास पट महाग पडली.

दोन दिवसांनी हेच संघ पुन्हा समोरासमोर आले. पक टाकताक्षणी एकाच वेळी तीन मारामाऱ्या सुरू झाल्या. २००४ चं तेच तर्कशास्त्र सतरा वर्षांनंतरही जिवंत होतं.

शिक्षेविरुद्ध दाद मागता येते का?

येते. आधी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांच्याकडे. बंदी सहा किंवा जास्त सामन्यांची असेल तर त्यानंतर तटस्थ लवादाकडे. २०१६ मध्ये कॅलगरीच्या डेनिस वाइडमनने लाइन्समनला मागून धक्का देऊन पाडलं. स्वतःला नुकताच डोक्याला मार बसला होता, असं त्याचं म्हणणं होतं. वीस सामन्यांची बंदी लवादाने दहावर आणली, तोवर त्याने एकोणीस भोगून झाले होते. २०१८ मध्ये त्याच टॉम विल्सनची वीस सामन्यांची बंदी लवाद श्याम दास यांनी चौदावर आणली, तेव्हा सोळा होऊन गेले होते. कापलेला पगार परत मिळतो, सामने मिळत नाहीत. ही सुनावणी इतकी रेंगाळायला काहीच कारण नाही.

आजवरच्या मोठ्या शिक्षा कोणत्या?

धडकेबद्दलची म्हणाल तर २०१५ मध्ये राफी टोरेसला झालेली ४१ सामन्यांची, अर्धा मोसम. तो सराईत होता. त्याआधी २०१२ मध्ये मारियन होसाला दिलेल्या धडकेबद्दल त्याला २५ सामने मिळाले होते, अपिलात ते २१ झाले. ख्रिस सायमनला २००७ या एकाच वर्षात दोनदा मोठी बंदी झाली : स्टिक मारल्याबद्दल २५ सामने, मग स्केटने पाय तुडवल्याबद्दल ३०. बॉस्टनच्या बिली कूटूला तर १९२७ मध्ये पंचावर हल्ला केल्याबद्दल लीगने कायमचं काढून टाकलं होतं.

आणि १९५५ मधली मॉरिस रिशारची बंदी. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या मोसमातून आणि प्लेऑफमधून बाहेर काढलं, तेव्हा १७ मार्चला मॉन्ट्रियलमध्ये दंगल उसळली. फ्रेंच भाषकांच्या लाडक्या नायकाला इंग्रजी भाषक अध्यक्षाने दिलेली शिक्षा म्हणून ती तिथे बोचली. क्यूबेकच्या राजकीय इतिहासातही त्या रात्रीचा उल्लेख होतो.

मैदानावरच्या हल्ल्यावर पोलीस कारवाई होते का?

क्वचित. २००० मध्ये मॅकसोर्लीने डोनाल्ड ब्रॅशरच्या डोक्यावर स्टिक मारली. व्हँकुव्हरच्या न्यायालयाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं, पण तुरुंगवास दिला नाही. बर्टूझीने गुन्हा कबूल केला, त्याला एक वर्ष देखरेख आणि ८० तास समाजसेवा मिळाली. मूरचा नुकसानभरपाईचा दावा कित्येक वर्षं रखडून २०१४ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. मार्च २०११ मध्ये झ्देनो चाराने मॅक्स पॅचियोरेटीला बोर्डांवरची काच धरणाऱ्या खांबावर आदळवलं, त्याच्या मानेचा मणका मोडला. मॉन्ट्रियल पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा दाखल झाला नाही. लीगनेही बंदी घातली नाही, तेव्हा एअर कॅनडा या मोठ्या प्रायोजकाने लीगला नाराजीचं पत्र लिहिलं.

एन्फोर्सरांचं पुढे काय होतं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात.

डेरेक बूगार्ड सहा फूट सात इंच उंच होता. एनएचएलमध्ये २७७ सामने खेळला, त्यात तीन गोल केले. त्याला घेतलं होतं ते मारामारीसाठी. पाठ, खांदे, हात सतत दुखायचे, त्यावरच्या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं. डिसेंबर २०१० मधल्या एका मारामारीत डोक्याला मार बसला आणि तो पुन्हा खेळला नाही. १३ मे २०११ ला दारू आणि ऑक्सिकोडोन एकत्र घेतल्याने त्याचा मृत्यू झाला. वय २८. बॉस्टन विद्यापीठातल्या तज्ज्ञांना त्याच्या मेंदूत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा हा आजार स्मृती, विवेक आणि मनाचा तोल पोखरतो. त्याचं निश्चित निदान मृत्यूनंतरच होतं.

त्याच्या आधीच्या वर्षी, ४५ व्या वर्षी, हृदय बंद पडून गेलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही तेच सापडलं होतं. प्रोबर्ट हा त्याच्या काळातला सगळ्यांत भीतीदायक लढवय्या. बूगार्डनंतर त्याच उन्हाळ्यात रिक रायपियन आणि वेड बेलाक गेले. रायपियन अनेक वर्षं नैराश्याशी झगडत होता. तिघांचं जाणं चार महिन्यांच्या आतलं. २०१५ मध्ये स्टीव्ह मॉन्टाडोर गेला, वय ३५, त्याच्याही मेंदूत सीटीई होता.

प्रत्येक मृत्यूचं कारण डोक्याचा मारच, असं म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण या माणसांच्या हातांनी लीगने वर्षानुवर्षं शिस्तीचं काम करून घेतलं, त्यावर तिकिटं विकली, आणि त्याची भरपाई त्यांच्या मेंदूंनी केली, हे मला नाकारता येत नाही.

लीगची यावर भूमिका काय?

डोक्याचा मार आणि सीटीई यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असं बेटमन सातत्याने सांगत आले आहेत. माजी खेळाडूंनी केलेला दावा २०१८ मध्ये सुमारे १.९ कोटी डॉलरवर मिटला. तीनशेहून अधिक खेळाडूंमध्ये वाटलेली ही रक्कम आहे, आणि लीगने कोणतीही चूक मान्य केली नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या अशाच दाव्याची तडजोड शंभर कोटी डॉलरच्या घरात गेली होती.

आता मारामाऱ्या कमी झाल्या का?

खूप. २००८-०९ च्या मोसमात सातशेहून जास्त झाल्या, २०१८-१९ मध्ये सव्वादोनशेच्या आसपास. २००५ मध्ये संघांच्या पगारखर्चावर मर्यादा आली आणि धरून ठेवण्या-अडवण्यावर पंच कडक झाले. खेळ वेगवान झाला. ज्याला नीट स्केटिंग येत नाही अशा माणसासाठी जागा आणि पैसा खर्च करणं संघांना परवडेना. म्हणजे एन्फोर्सर गेला तो मुख्यतः हिशेबामुळे. त्याच्या आरोग्याची काळजी म्हणून त्याला कोणी थांबवलं नाही.

मग मारामारीवर सरळ बंदी का घालत नाहीत?

खेळाडूंमध्येच पाठिंबा आहे, प्रेक्षकांना आवडते, आणि ‘वाफ बाहेर पडली नाही तर स्टिक चालतील’ हा युक्तिवाद अजून टिकून आहे. पण ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन महाविद्यालयांच्या हॉकीत मारामारी करणाऱ्याला सामन्यातून काढतात, आणि तिथे स्टिकांची कत्तल होत नाही. क्यूबेकच्या ज्युनियर लीगनेही २०२३ पासून तेच सुरू केलं. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला अमेरिका-कॅनडा सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या आणि जगभर त्याचीच चर्चा झाली. तो गाजावाजा पाहून एनएचएल इतक्यात बंदी घालेल असं मला वाटत नाही. घालावी, असं मात्र वाटतं.

आमचं मूल कॅनडात हॉकी शिकतंय. काळजी करावी का?

लहान वयात बॉडी चेक नसतोच. कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना केली. अल्बर्टात त्या वयात बॉडी चेकला परवानगी होती, क्यूबेकमध्ये नव्हती. अल्बर्टातल्या मुलांना कंकशनचा, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला होणाऱ्या इजेचा, धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयोगटात बॉडी चेक बंद केला. त्यापुढच्या वयात बॉडी चेक असलेले आणि नसलेले, असे दोन्ही प्रकारचे गट अनेक ठिकाणी मिळतात. नावनोंदणीच्या वेळी हे स्पष्ट विचारा. मुलाने नसलेला गट निवडला तर त्यात कमीपणा नाही, हे त्याला घरातून ऐकू येऊ द्या.

ओंटारिओत असाल तर २०१८ च्या रोवन्स लॉ कायद्यामुळे कंकशनची माहिती वाचून सही द्यावी लागते. ती सही न वाचता करू नका. पडल्यावर मूल गोंधळलं, डोकं धरून बसलं, मळमळतंय म्हणालं, उजेड सहन होईना, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर सामना कितीही रंगात असो, त्याला त्या दिवशी बर्फावर परत जाऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. प्रशिक्षक ‘ठीक आहे तो’ म्हणाला तरी.